महायुद्धातली जीप पुन्हा उभी करताना

पंक्चरवाल्या पोरानं मागच्या डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला, पान्यावर चार फुटी पाइप चढवला आणि त्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला. मी टपरीवरून ओरडेपर्यंत नट ज्यावर बसतो तो स्टड टणकन तुटला होता. ‘काका, नट जाम होता ओ,’ असं म्हणून तो मोकळा झाला. नट जाम नव्हता. महायुद्धातल्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. सगळ्या जगाचा नट ज्या दिशेनं सुटतो, त्या दिशेनं हा आवळतो. पोरगं जीव खाऊन तो आवळत होतं. आपल्याकडच्या जुन्या जीपांच्या डाव्या हबवर पाचातले दोन-तीन स्टड सुलटे निघतात, त्याचं कारण अशीच पोरं आणि असेच पाइप.

हा लेख विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या दोन गाड्यांबद्दल आहे. आराखडा एकच, कारखाने दोन. १९४१ ते १९४५ या काळात विलीसनं साडेतीन लाखांहून जास्त आणि फोर्डनं पावणेतीन लाखांच्या वर गाड्या बांधल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे त्यातल्या बऱ्याच हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध संपल्यावर इथेच राहिल्या. काही लष्करानं वापरल्या, काही लिलावात गेल्या. तिथून त्या बागायतदारांच्या वाड्यात, साखर कारखान्याच्या आवारात, वनखात्याच्या शेडमध्ये पोचल्या आणि प्रत्येक निवडणुकीला भोंगे लावून पळाल्या. आज तुम्हाला सापडेल ती गाडी एवढं सगळं भोगून आलेली असेल, हे धरूनच पुढे चला.

आधी खाली वाका

गाडी बघायला गेलात की मालक बोनेट उघडून दाखवतो. तुम्ही आधी बंपरमागे वाका. चासीच्या दोन दांड्यांना जोडणारा पुढचा आडवा तुकडा गोल पाइपचा असेल तर चासी विलीसची. तोच चौकोनी, खालून उघड्या पन्हळीसारखा असेल तर फोर्डची. हा तुकडा सहसा कुणी बदलत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

मग नंबर. विलीसचा नंबर छोट्या पट्टीवर असतो. ही पट्टी डाव्या दांडीच्या आतल्या अंगाला, पुढच्या बंपरच्या मागे रिव्हेटनं बसवलेली असते आणि बहुतेक वेळा पडून गेलेली असते. फोर्डनं नंबर थेट डाव्या दांडीच्या वरच्या अंगावर, इंजिनच्या पुढच्या माउंटच्या आसपास ठोकलेला आहे. तिथे घट्ट ग्रीस, चिखल आणि रंगाचे सात-आठ थर असतात. केरोसीन, पितळी ब्रश आणि संयम एवढंच वापरा. ग्राइंडर लावलात तर नंबरच घासून टाकाल, आणि मग आरटीओत पुसलेला नंबर घेऊन उभं राहण्यासारखी फजिती नाही.

इंजिनचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरजवळच्या सपाट जागेवर असतो. सुरुवात ‘एमबी’ किंवा ‘जीपीडब्ल्यू’ अशी असेल तर आनंद माना. ‘जे’ किंवा ‘३जे’ असेल तर ते युद्धानंतरच्या नागरी जीपचं इंजिन. मुळातलं इंजिन बाजूच्या व्हॉल्व्हचं असतं. त्याचं हेड थाळीसारखं सपाट असतं आणि चारही प्लग त्यावर उभे असतात. हेडवर रॉकर कव्हर दिसलं तर ते युद्धानंतरच्याच सीजे-३बी या नागरी मॉडेलचं किंवा त्यानंतरचं इंजिन.

इथे महिंद्राचा विषय येणारच. महिंद्रानं १९४०च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. त्या विलीसच्या नागरी सीजे मालिकेतल्या गाड्या होत्या. त्यामुळे आपल्याकडे ‘विलीस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दहातल्या नऊ गाड्या सीजे निघतात. ग्रिलमध्ये उभ्या फटी मोजा: युद्धातल्या गाडीला नऊ, सीजेला सात. अगदी सुरुवातीच्या विलीसना पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती, पण ती इथे दिसली तर आधी शंकाच घ्या. युद्धातल्या गाडीच्या पुढच्या काचेत दोन भाग असतात. पेट्रोल भरायचं तोंड ड्रायव्हरच्या गादीखाली असतं. मागचा पत्रा सलग असतो, त्याला टेलगेट नसतं.

ही यादी मला आज पाठ आहे. पहिली गाडी घेतली तेव्हा फक्त नऊ फटींचं माहीत होतं. नऊ मोजल्या, बयाणा दिला, गाडी घरी आणली. आठवड्याभरानं मागच्या पत्र्यावरची लांबी (पुट्टी) सुरीनं खरवडली तर खालून टेलगेटची सरळ उभी फट वर आली, वेल्डिंगच्या फोडांसकट. ग्रिल नव्या पत्र्यातून कापून लावलेलं होतं. विकणाऱ्याला दोष देत नाही, त्यालाही ती तशीच कुणीतरी विकली असणार. पण तेव्हापासून मी बघायला जाताना खिशात छोटं चुंबक नेतो. लांबी जाड असेल तिथे ते चिकटत नाही.

आणखी एक परीक्षा आहे. मालकाला ती विचित्र वाटते, पण चुकवू नका. गाडी सपाट जागेवर लावा, बाकीच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि हँडब्रेक सोडा, कारण या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एकच चाक जॅकवर उचला. शाफ्टवर आणि चाकावर खडूनं खूण करा. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. पाचला जरा कमी भरला तर आतला दात (एक्सलच्या गिअरचं प्रमाण) ४.८८चा, म्हणजे युद्धातल्या गाडीचा. पाच पूर्ण करून वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिरला तर ५.३८चा, म्हणजे सीजेचा. मग ट्रान्सफर केसचा पुढचा दांडा टू-व्हीलवर ठेवून पुढच्या एक्सलचंही मोजा. एक ४.८८ आणि दुसरा ५.३८ निघाला तर त्या गाडीत फोर-व्हील कधीच लावता येणार नाही. लावलं तर पुढचं-मागचं एकमेकांविरुद्ध खेचतं आणि कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केसचे दात बोलायला लागतात. ‘फोर-व्हील लावत जाऊ नका, जड जाते’ असं मालक सांगत असेल तर कारण बहुधा हेच.

कागद

लोखंड गंजलं तर नवं मिळतं, कागदाचं तसं नाही. जुनं आरसी बुक, लष्करी लिलावातून आली असेल तर विक्रीचे मूळ कागद, मधल्या मालकांची हस्तांतरणं आणि त्या सगळ्यांवर चासी-इंजिनचे नंबर. हे जुळत नसेल तर गाडी कितीही देखणी असो, परत फिरा. पुढे आरटीओत ‘बघू’ म्हणणारा एजंट भेटतो. त्याच्या ‘बघू’वर पैसे लावू नका.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी असून ती १० वर्षं चालते. पुढच्या नोंदणीला ५ हजार आणि ती ५ वर्षांची. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मेख अशी की ही गाडी रोज भाजी आणायला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. गावाकडे वापरायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण बरं. आणि डिझेल इंजिन टाकलेली गाडी ‘मूळ स्वरूपात’ बसत नाही, हे घेतानाच लक्षात ठेवा. १९७०–८०च्या दशकांत पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य जीपांत डिझेल इंजिनं गेली. ती काढून मूळचं परत बसवायचं तर चासीवर वेल्ड केलेले नवे माउंटही कापावे लागतात.

कुठल्या तारखेची गाडी करायची?

पाना हातात घेण्याआधी हा प्रश्न सोडवा, नाहीतर अर्ध्या वाटेवर पैसे आणि उत्साह दोन्ही संपतात. कारखान्यातून १९४३ साली बाहेर पडली तशी करायची, की भारतीय लष्करात १९५०च्या दशकात होती तशी?

अमेरिकेतले शौकीन पहिल्या पर्यायासाठी जीव टाकतात. फोर्डच्या गाडीवर प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर वळणदार ‘एफ’ हवाच, विलीसचा एक नट चालणार नाही, इथपर्यंत. माझं मत विचाराल तर भारतातल्या गाडीसाठी हा हट्ट फसवा आहे. इथे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये दहा-दहा गाड्या एकदम खोलल्या गेल्या आणि जो भाग हाती आला तो बसवून जोडल्या गेल्या. फोर्डच्या चासीवर विलीसचं इंजिन, त्याला तिसऱ्याच गाडीचा डायनॅमो. ही भेसळ भंगारवाल्यानं केलेली नाही, तो त्या गाडीचा नोकरीचा इतिहास आहे. माझ्या गाडीला फोर्डची चासी आणि एमबी इंजिन आहे आणि ते तसंच राहणार आहे. काय मूळचं, काय वर्कशॉपचं आणि काय मी घातलेलं, याची वही मात्र ठेवलीय.

तारीख ठरवायला गाडीच मदत करते. बोनेटच्या बाजूंवर पाणी घेऊन ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं अगदी हलक्या हातानं, गोल-गोल घासत जा. वरचा निळा, त्याखालचा पांढरा, मग लाल, मग हिरवा, आणि मग कधीतरी अंकाची कड दिसायला लागते. अमेरिकी लष्कराच्या जीपचा बोनेटवरचा नंबर ‘२०’नं सुरू होई. शेवटी ‘एस’ असेल तर गाडीला रेडिओचा खरखराट थांबवणारी फिटिंग होती. माझ्या बोनेटवर दोन दिवसांत फक्त एक ‘२’, एक ‘०’ आणि अर्धा ‘६’ निघाला. एवढ्यावर आम्ही घरात पेढे वाटले. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नका.

खोलताना

खोलणं चार दिवसांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान याच चार दिवसांत होतं. मोबाइलवर फोटो काढा, पण फक्त वस्तूचे नको. बोल्ट कुठल्या बाजूनं घातलाय, वायसर कुठे आहे, वायर कुठल्या क्लिपखालून गेलीय हेही दिसायला हवं. प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीत जाड कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिल. मार्करची शाई तेलात उडते.

जाम बोल्टावर लगेच पाइप चढवू नका. गंज सोडवायचं तेल रात्रभर, मग गॅसनं नट लाल करून गार होऊ देणं, पुन्हा तेल. गॅस कटरनं कापणं हा शेवटचा उपाय. मिस्त्रीला मात्र तो पहिला वाटतो, म्हणून खोलताना तुम्ही तिथे हजर हवंच. आटे सगळे इंची आहेत. पेटीतला ‘बसतोय की’ असा मिलिमीटरचा बोल्ट दीड फेरा बसतो आणि मग भोकाचे आटे खातो.

जुने ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि गॅस्केट यांत ॲस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची सवय इथे सोडा, ओल्या फडक्यानं पुसा.

चासी आणि पत्रा

चासी ब्लास्टिंगला द्या, पण वाळूनं नको. वाळूची धूळ कामगाराच्या फुप्फुसात बसते. गार्नेट किंवा स्लॅग वापरणारा शोधा. बॉडीचा पत्रा सपाट आणि पातळ, जोरात ब्लास्ट केला की पापडासारखा फुगतो. तिथे रंग काढायचं केमिकल आणि हातच बरे. उघडं लोखंड पावसाळ्यात एक रात्रही तसं ठेवू नका. सकाळी केशरी झालेलं असतं. त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर.

चासीचे तडे शोधायला ती पूर्ण स्वच्छ हवी. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलपाशी आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बसण्याच्या जागी नीट बघा. मग कर्णाची मापं घ्या: पुढचा डावा ते मागचा उजवा आणि उलट. दोन्ही जुळली नाहीत तर चासी पिळलेली आहे, ती सरळ झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

बॉडीत गंज कुठे असतो हे आधीच सांगता येतं. फरशीच्या पत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या पन्हळी वेल्ड केलेल्या आहेत आणि कारखान्यानं त्यांत लाकडी ठोकळे भरले होते. लाकूड पाणी पितं, धरून ठेवतं आणि आतून पन्हळ खातं. वरून फरशी ठणठणीत दिसते, खालून स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. दुसरी जागा ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी बसते तो खड्डा. त्याचं पाणी जायचं भोक चिखलानं बुजलेलं असतं. नवे ठोकळे घालायचेच असतील तर मुरलेलं सागवान घ्या, सगळ्या बाजूंनी दोनदा प्रायमर द्या आणि मग बसवा. मी मागच्या दोन पन्हळींत लाकूड घातलंच नाही. दिसत नाही, आणि मला झोप लागते.

टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ती नुसती रिकामी असून भागत नाही. आतली वाफ पेट्रोलपेक्षा वाईट. रेडिएटरवाल्याकडून गरम पाण्यानं धुऊन, तपासून घेतल्याशिवाय तिच्याजवळ ज्योत नेऊ नका.

पूर्ण बॉडीच गेली असेल तर फिलिपाइन्समधल्या एम. डी. जुआन या कारखान्याच्या नव्या बॉड्या जगभर वापरतात. पंजाब-हरियाणाकडे स्थानिक बॉड्या स्वस्त मिळतात, पण त्यातल्या बहुतेक सीजेच्या वळणाच्या असतात. मागच्या दोन कोपऱ्यांतल्या हत्यारांच्या पेट्या, बाजूची पकडायची हँडल, कुऱ्हाड आणि फावडं बसवायच्या डाव्या बाजूच्या खाचा, हे सगळं आहे का ते बघून मगच पैसे द्या. जुन्या बॉडीचा निम्मा पत्राही वाचत असेल तर चांगला डेंटर धरून तीच जोडा.

इंजिन

२.२ लिटरचं, साठ अश्वशक्तीचं हे इंजिन समजायला सोपं आणि माफ करणारं आहे. पण ब्लॉक आधी तपासा: व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्या मधल्या अरुंद भिंतीत तडे जातात. लाल डाय मारून पांढरी पावडर फवारली की केसासारखी रेघ दिसते. ही तपासणी बोअरिंगच्या आधी करा. माझ्या ओळखीत एकानं बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, नवे पिस्टन असं सगळं करून झाल्यावर तडा बघितला.

बोअरिंग, क्रँक, हेड घासणं ही कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात चांगली होतात. जुने टर्नर हे इंजिन बघून खूश होतात, त्यांच्या उमेदवारीच्या दिवसांतलं आहे. फक्त पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करायला देऊ नका. ‘तीस साइज (वाढीव मापाचा) मिळेल’ म्हणणारा दुकानदार आणि खरोखर मिळालेला तीसचा पिस्टन यांत कधीकधी सहा महिन्यांचं अंतर असतं.

सुरुवातीच्या एमबीत टायमिंगला चेन होती, नंतर गिअर आले. दोन्हींत कॅमशाफ्ट फिरायची दिशा वेगळी, त्यामुळे एका इंजिनचा कॅम दुसऱ्यात चालत नाही. जुळवणीची मापं: टॅपेट १४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), थंड इंजिनवर, पॉइंट २० थाऊ, प्लग ३० थाऊ, फायरिंग १-३-४-२. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्या गॅरेजांची जुनी खोड आहे. तो परत बसवा. गाडी तापत असेल तर कारण रेडिएटरमध्ये किंवा ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांतल्या गाळात असतं. ब्लॉकची बुचं, म्हणजे वेल्च प्लग, काढून मागच्या सिलिंडरभोवती तार घाला. माझ्यातून पसाभर लाल माती निघाली.

मूळ कार्ब्युरेटर कार्टर डब्ल्यूओ. इथे बहुतेक ठिकाणी सोलेक्स बसवलेला सापडतो. सोलेक्सवर गाडी उत्तम चालते, त्यामुळे कार्टर मिळेपर्यंत काम अडवू नका. आणखी एक गोष्ट नवी आहे: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यात मऊ पडतो. इथेनॉल चालणारा पडदा आणि नळ्या घाला आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर कोरडा करा.

ब्रेक आणि वायरिंग

ब्रेकची सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. इथे जुनं वाचवायचा मोह नको: नळ्या, होज, रबर सगळं नवं, मास्टर आणि चाकाचे सिलिंडर खड्डे पडले असतील तर आतून स्लीव्ह करून. मूळ स्वरूपाचा आग्रह धरणारा कुणी या बाबतीत वाद घालू लागला तर त्याला गाडीत बसवून कात्रजचा घाट उतरवा.

वायरिंग मूळचं सहा व्होल्टचं. ‘सहा व्होल्टवर स्टार्टर उचलत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा बारीक केबलमुळे असते. बारा व्होल्टच्या गाडीची केबल सहाला पुरत नाही, बोटाएवढी जाड हवी, आणि इंजिन ते चासी अर्थिंगची वेणी स्वच्छ लोखंडावर बसवलेली हवी. एवढं केलं की पायानं दाबायचा स्टार्टर पहिल्या दाबाला उचलतो. रात्री चालवणार असाल तर बारा व्होल्ट करण्यात मला पाप वाटत नाही.

भाग शोधायचे कुठे

आधी भाषा शिका. दुकानात ‘जीपचा वॉटर पंप द्या’ म्हटलं की तुमच्या हातात महिंद्राचा पडतो. विलीसच्या बऱ्याच भागांचे नंबर ‘ए’ अक्षरानं, फोर्डचे ‘जीपीडब्ल्यू’नं सुरू होतात. अमेरिकी लष्करानं या गाडीची भागांची यादी जी-५०३ या क्रमांकाखाली काढली होती, आणि टीएम ९-८०३ हे १९४४चं मॅन्युअल आहे. इंजिनसाठी टीएम ९-१८०३ए, बाकी चासीसाठी ९-१८०३बी. ही सगळी इंटरनेटवर फुकट मिळतात. छापून, बाइंड करून गॅरेजात ठेवा. तेलाची बोटं मोबाइलला चालत नाहीत.

मग भागांचे तीन ढीग करा. पहिल्यात महिंद्राशी जुळणारे: बेअरिंग, सील, बुश, ब्रेकचे काही भाग, ट्रान्सफर केसमधलं बरंच काही. हे पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत कश्मीरी गेटला सहज मिळतं. बेअरिंगवर नंबर असतोच, तो घेऊन थेट बेअरिंगच्या दुकानात जा, ‘जीपचं’ म्हणूही नका. ६.००-१६ मापाचे टायरही त्याच वाटेनं.

दुसऱ्या ढिगात फक्त युद्धातल्या गाडीचे पण नवे बनवून मिळणारे: ग्रिल, डेटा प्लेट, जेरीकॅनची चौकट, हेडलाइटच्या बिजागऱ्या, ताडपत्री. हे परदेशातून मागवता येतं. नव्या प्लेटांवर कोऱ्या जागा असतात. त्यावर स्वतःच्या मनानं चासी नंबर ठोकू नका. ती सजावट राहत नाही, खोटा पुरावा होतो. अमेरिकेतला भाचा सुट्टीला येणार असेल तर लहान भाग त्याच्या बॅगेत येतात, पण नवेच. वापरलेल्या कार्ब्युरेटरला पेट्रोलचा वास असला तर विमानतळावर तो काढून घेतात आणि भाचा पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

तिसरा ढीग जुन्याच मालाचा: टी-८४ गिअरबॉक्स, ४.८८चे दात, कार्टर, ‘एफ’चे बोल्ट, मूळ मीटर. त्यासाठी पायपीट. मुंबईत कुर्ला आणि चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, दिल्लीत मायापुरी, हरियाणात जीपांसाठी नाव कमावलेली मंडी डबवाली. पण माझे सगळ्यात चांगले भाग बाजारात मिळालेच नाहीत. जिथे कधीकाळी पाच-सहा जीपा होत्या अशा गावात सगळ्यात म्हाताऱ्या मेकॅनिकला भेटायचं. पहिल्या भेटीत काही मागायचं नाही, गाडीचा फोटो दाखवायचा. सांगली जिल्ह्यात एका काकांनी फोटो बराच वेळ बघितला, मग म्हणाले, ‘डबा आहे बघा, पण पोरं त्यात खिळे ठेवत्यात.’ डबा म्हणजे हत्यारांच्या पेटीचं झाकण होतं, मूळ कडीसकट. शेजारी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून टी-८४चा मेनशाफ्ट लावलेला. पैसे घेईनात. गाडी झाली की फिरवून आणा म्हणाले.

जुना भाग ओळखायला नजर तयार करावी लागते. नव्या नकली ओतकामावरची अक्षरं गोलसर, मऊ दिसतात. जुन्यावर कडा धारदार. ‘एफ’चे नवे बोल्टही आता मिळतात, चकचकीत लेप असलेले. मूळ वस्तू डोळ्यांखालून घालायच्या असतील तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक दिवस घालवा. तिथे मुख्य आकर्षण रणगाडे आहेत, पण त्या काळचं लष्करी ओतकाम, रिव्हेट आणि वेल्डिंग कसं दिसतं हे कळतं.

रंग

हा भाग सगळे शेवटी वाचतात आणि मग अडकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. तुमची जीप युद्धात त्याच रंगात होती हा युक्तिवाद नाक्यावरच्या हवालदारासमोर टिकत नाही. महायुद्धातला अमेरिकी ऑलिव्ह ड्रॅब जरा तपकिरीकडे झुकतो, आपल्या लष्कराचा हिरवा वेगळा, पण तो फरक उन्हात उभं राहून कुणाला समजावणार? रंग देण्याआधी छटेचा पत्रा घेऊन आरटीओत जा, जे उत्तर मिळेल ते लेखी घ्या आणि आरसीवर रंगाची नोंद करा. ही कटकट नको असेल तर इतिहासातच दुसरे रंग आहेत: अमेरिकी नौदलाच्या जीपा करड्या होत्या, उत्तर आफ्रिकेतल्या वाळूच्या रंगाच्या. माझी वाळूची आहे. पिठूळ मॅट रंगात धूळही दिसत नाही. लष्करी पद्धतीची बाणाची नंबरप्लेट मात्र कुठल्याच रंगावर लावू नका.

चमक असलेला रंग युद्धाच्या काळात या गाडीवर सहसा नव्हता. पेंटरला हे तीनदा सांगा, तरी तो शेवटी ‘साहेब, एक लॅकरचा हात मारतो’ म्हणणारच.

पहिली धाव

नवं इंजिन सुरू करण्याआधी प्लग काढून ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत नुसतं फिरवा. पहिली पन्नास किलोमीटर गावातल्या गावात, मग हेडचे नट थंड इंजिनवर मॅन्युअलच्या क्रमानं आणि मापानं पुन्हा आवळा, चाकांचेही, डावे उलटे हे लक्षात ठेवून. पाचशे किलोमीटरला तेल बदला. डेटा प्लेटवर वेगमर्यादा ताशी ६५ मैल लिहिली आहे. ती नव्या गाडीसाठी होती. माझी साठ किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि स्टिअरिंगही त्यापुढे फारसं ऐकत नाही.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि त्यावर चार चाकांच्या जागा खडूनं आखा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. मधोमध काळा डाग म्हणजे इंजिनचं मागचं सील, जरा मागे सोनेरी डाग म्हणजे ट्रान्सफर केस. गिअरबॉक्सचं तेल मधल्या बेअरिंगमधून ट्रान्सफर केसमध्ये सरकतं, म्हणून एकाची पातळी बघाल तेव्हा दुसऱ्याचीही बघा. चाकाच्या आतल्या अंगाला ओलं दिसलं तर गाडी बाहेर काढू नका, आधी ड्रम उघडा. माझ्या पुठ्ठ्यावर अजून रोज दोन थेंब असतात, ट्रान्सफर केसचे. सील तीनदा बदललं. आता पुठ्ठाच बदलतो.